स्लो

आडगाव नाका, पहाटेचे पावणेपाच.
मार्गशीर्षाची थंडी, पान्याला हात लावला तर चावतो.
सिन्नरचे साडेतीनशे क्रेट टोमॅटो पाठीवर घेऊन
गाडी उभी आहे.
म्हणजे, तेच तर जमत नाहीये तिला. उभं राहणं.

रेस दिली की वाघीण.
पाय काढला की घुटमळते,
चढते, उतरते, चढते,
आणि एकदा उतरली की वर येतच नाही.
द्वारकेच्या सिग्नलला तीनदा मेली.
मागून हॉर्न, पुढून हवालदार,
मधे मी सेल्फ मारतोय.

"स्लोचा स्क्रू वाढव की," क्लीनर म्हणाला,
चहावाला म्हणाला,
सुरतेहून मेहुणा फोनवर म्हणाला.
मी वाढवलाच होता, शिंदे गावाजवळ, दोन आटे,
अंधारात, कुणाला न सांगता.

मुनाफ मिस्त्रीने टॉर्च मारली पंपावर.
"कुणी हात लावला?"
मी गप्प.
"लेकरू रडतंय म्हणून रेडिओ मोठा केलास."
दोन आटे मागे घेतले. पाव आटा जास्तच.
मग कानटोपी वर सारून म्हणाला,
"आता आवाज सांग मला.
माझे कान कधीच खाल्ले या सगळ्यांनी."
त्याने रांगेतल्या बारा गाड्यांकडे बोट केलं.

मला भाडं सांगता येतं, घाट सांगता येतो,
कुठल्या ढाब्यावर भाजीत सोडा घालतात ते सांगता येतं.
आवाज कसा सांगायचा?
"ठीक आहे," म्हणालो. सुरतेचा बाजार उघडत होता डोळ्यांपुढे.
त्याने टॅपेट कव्हरवर तळवा ठेवला,
जरा वेळ ठेवला.
"खोटं. परत ऐक."

ऐकलं.
"कुणीतरी जिना उतरतंय," म्हणालो,
"आणि मधेच एक पायरी चुकतंय."
"किती वेळाने?"
"एक श्वास घेऊन सोडला की."
"हां. हवा खातेय."

डिझेल गळलं की डाग पडतो, वास येतो,
मांजरसुद्धा पाय झटकून जातं.
हवा आत शिरते तिथे काहीच दिसत नाही.
टाकी आणि फीड पंपाच्या मधे त्याने
गवंड्याची लेव्हलची नळी लावली, आरपार दिसणारी.
टॉर्चच्या उजेडात
साबुदाण्यासारखे बुडबुडे
एकामागे एक पंपाकडे निघाले होते.

मग तो चेसीखाली गेला, पोत्यावर पाठ टेकून,
आणि मला आत ओढलं.
क्लिपपाशी पाइप घासून घासून केसाएवढा चिरलेला.
त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी, वाळून कडक झालेली,
वर सुतळीची गाठ.
गोणी शिवायची गाठ.
गाडी घेण्याआधी अण्णा कांद्याच्या गोण्या शिवत लासलगावला,
बुटाची नाडीसुद्धा तशीच बांधायचे.

म्हणजे त्यांना माहीत होतं.
कितीतरी वर्षं, प्रत्येक सिग्नलला,
अंगठ्याने हलकी रेस धरून बसत असणार.
घरी खाटेवर पडल्यापडल्याही
त्यांचा उजवा पाय आत-बाहेर व्हायचा.
आई म्हणायची, डास चावतात तुमच्या अण्णांना.

नवा पाइप. नवी तांब्याची वायसरं, जुनी परत लावायची नाहीत.
बोल्ट सैल करून प्रायमर मारत राहिलो:
फेस, फेस, थुंकी, फेस,
मग सलग धार, पिवळी, गुपचूप.

सेल्फ.
मिस्त्री टायरला टेकून बसला, डोळे मिटून.
"सांग."
मी तोंड उघडलं. शोधलं.
"सांगण्यासारखं काही नाही."
"मग बरोबर आहे," म्हणाला,
सातशे ऐंशी घेतले, वर खिसाभर टोमॅटो.

पेठ फाट्याला लाल लागला.
मी पाय काढून घेतला.
गाडी आपली आपण उभी,
आणि माझा अंगठा बुटाच्या आत
अजून थोडी रेस धरून होता.