दुभाषा

कोरियाहून आलेल्यांनी मुखवट्यांच्या पेट्या
शिरोड्याच्या पंचायतीच्या व्हरांड्यात उघडल्या,
तेव्हा गोकळो पेरणी पायऱ्यांखालीच थांबला.
त्याच्या घरचे मुखवटे माळ्यावर असतात,
एका जुन्या पुडवीत बांधलेले.
सतरा वर्षं जागर नाही.
मुलगा वेर्णेला फोर्कलिफ्ट चालवतो.
"ये रे वर," मी म्हणालो.
"तांचो देव खंयचो, तें विचार पयलीं."

विचारलं.
मी शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून माईक माझ्याकडे.
मिन-सक तुटक तुटक बोलला, मी जोडत गेलो:
गावाची देवी आहे, तिच्यापुढे नाचतो.
त्या दिवशी गड्याने धन्याला काहीही बोलावं.
कोण बोललं ते लाकूड सांगत नाही.

गोकळो एक पायरी चढला.

रात्री मांडावर पेट्रोमॅक्स
(वीज होती, पण त्यांना तोच उजेड हवा होता),
कमरेत बारीक असा एक ढोल, एक कासाळं,
आणि पुढच्या वेताच्या खुर्चीत भाटकारबाब.
आमच्या घराखालची जमीन त्यांची,
घरावरची कौलं आमची,
मधल्या भिंतींचा खटला मामलतदाराकडे
माझ्या बारशाच्या आधीपासून.

धन्याच्या मुखवट्याचा जबडा वेगळा, दोरीने बांधलेला.
मान मागे टाकली की तो हसतो,
खाली घातली की ओठ आवळतो.
"कारागिरी पळय!" भाटकारबाब म्हणाले,
आणि खरंच होती.

मग गडी आला. गुडघे आभाळात, बाह्या वाऱ्यात.
धन्याने फर्मावलं, माझी वंशावळ वाच.
गड्याने काखेतून तांदळाच्या हिशेबाची वही काढली,
थुंकी लावून पान उलटलं.
माझ्या हातातल्या कागदावर इंग्रजीत होतं:
पणजोबा जेवले.
आजोबा जेवले.
वडील जेवले, आणि हात धुवायला पाणी मागितलं.
पाणी कोणी आणलं, ते या वहीत नाही.

भाटकारबाब वळले.
"मास्तर, कितें म्हणटा तो?"
नेमका तेव्हाच ढोल थांबला.
घशात मामलतदाराचा शिक्का अडकावा तसा
माझा आवाज आला:
"घराण्याची थोरवी सांगता, बाब."

त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या दोन रांगांनीही.
मागे, जिथे खुर्च्या संपतात आणि चपला सुरू होतात,
तिथे कोणी हललं नाही.
गडी पाची बोटं तोंडाकडे नेत होता, पुन्हा, पुन्हा,
आणि त्याला दुभाषा लागत नव्हता.
आधी शेवंती खुसखुसली, पदर तोंडात धरून.
मग अंधारातून गोकळोचा आवाज,
बोलण्याचा नव्हे, जागराचा,
नाकातून चढवलेला, सतरा वर्षं न वापरलेला:
"आनी उदक कोणें हाडलें?"

कागद माझ्याकडे होता.
त्याला अक्षर वाचता येत नाही.

सगळा मांड फुटला. गडी आवाजाच्या दिशेने वळला,
एक शब्द न कळता कमरेत वाकला.
सर्वांत मोठ्याने भाटकारबाब हसले,
मान पार मागे टाकून.
जाताना पायरी दिसावी म्हणून त्यांनी मान खाली घातली,
तेव्हा मी दुसरीकडे बघितलं.

पेट्या भरताना एक मुखवटा बाहेर राहिला होता,
गावातल्या खुळ्याचा. त्याला हनुवटीच नाही.
मिन-सक म्हणाला, सांगतात की
कोरणारा काम अर्धं टाकून मेला.
मी ते सांगितलं. हे अगदी जसंच्या तसं सांगितलं.

गोकळोने मुखवटा उताणा धरला,
जिथे जबडा असायचा तिथे अंगठा फिरवला,
लाकूड परतवून बघणाऱ्याचा अंगठा.
"मरूंक ना तो," म्हणाला. "भियेलो."
आणि माझ्याकडे न बघता:
"हें सांग ताका."

मिन-सक वाट बघत होता.
दिव्याभोवती पाकोळ्या, कुठेतरी स्कूटर सुरू झाली.
मी इंग्रजी शब्द शोधत होतो,
असं म्हणू या.