मोकळ्या जागांसह

नवी पेठेत, अभ्यासिकेच्या तिसऱ्या मजल्यावर
पंख्याखालची खुर्ची दोनशे रुपयांनी महाग आहे.
मी खिडकीपाशी बसते, जिन्यातल्या चपलांचा वास येतो तिथे,
आणि अर्ज भरते.

मुख्यमंत्री फेलोशिप. वय सव्वीसच्या आत.
माझे बत्तीस दिवस उरलेत. आजचा धरून की सोडून,
यावर सुचेताचं आणि माझं एकमत नाही.

पूर्ण नाव मराठीत, मग इंग्रजीत, मग आधारवर आहे तसं.
आधारवर कसपटेचं कासपाटे झालंय.
दहावीपासून मी दोन आडनावांची.

अनुभव : किमान एक वर्ष, पूर्णवेळ.
चौदा महिने मी पाण्याची मीटरं वाचतेय
पर्वतीच्या उतारावर, जिथे पायऱ्यांनाच गल्ली म्हणतात.
ठेकेदार गुंजाळांकडे लेटरहेड नाही.
म्हणाले, मजकूर तू लिही, सही मी करतो.
मग मीच लिहिलं की मी प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे.
‘कष्टाळू’पाशी जरा थांबले. ठेवलं.
त्यांनी न वाचता सही केली, शिक्का मात्र दोनदा मारला,
पहिला पुसट आला म्हणून.

प्रश्न क्रमांक चार.
आपण जवळून पाहिलेली एक सार्वजनिक समस्या व तीवरील उपाय.
मर्यादा : दोन हजार अक्षरे, मोकळ्या जागांसह.

मी पाहिलेली समस्या पहाटे पाच दहाला येते.
नळातून आधी फुसकारा, मग खाकरणं,
मग बऱ्याच वेळाने पाणी.
मीटर फुसकाऱ्यापासूनच पळायला लागतं.
लंकाबाई सरोदेंनी मला मनगटाला धरून दाखवलं :
बादली कोरडी आणि काटा फिरतोय.
“वारा मोजतंय बघ हे. वाऱ्याचे पैसे मी कुणाला देऊ, पोरी?”
मी रकान्यात आकडा लिहिला.
वाऱ्यासाठी रकाना नव्हता.

हे सगळं लिहिलं तर तीन हजार एकशे चाळीस भरलं.
काना, वेलांटी, अनुस्वार, सगळं सुटं मोजतात.
कापायला बसले.
आधी पहाट गेली. मग खाकरणं.
मग त्यांची नात,
जी रिकाम्या बादलीत तोंड घालून हाक मारायची
आणि आपलाच आवाज भरून घ्यायची.
लंकाबाईंची ‘एक महिला’ झाली,
मग ‘लाभार्थी’, मग ‘काही लाभार्थी’.
‘वारा’ काढून ‘तांत्रिक त्रुटी’ घातलं तर अक्षरं वाढली,
म्हणून वारा परत आणला.
तो तेवढ्यावरच वाचला.

सुचेता म्हणाली, आता कसं साहेबाने लिहिल्यासारखं वाटतंय.
कौतुकच केलं तिने.

शेवटची तारीख. रात्रीचे साडेअकरा.
अभ्यासिकेचे दिवे गेलेले, मी जिन्यात,
मांडीवर लॅपटॉप, फोनचं नेट, पाच टक्के बॅटरी.
पोर्टलवर चक्र फिरतंय, फिरतंय,
आत काय येतंय कोण जाणे, पाणी का वारा.
शेवटी उलटून आलं : पुन्हा प्रयत्न करा.
तेव्हा खालचा बारीक आकडा दिसला.
एक हजार नऊशे एक्याण्णव.

नऊ उरली होती.
बोटांवर मोजलं. ल, अनुस्वार, क, काना, ब, काना, ई.
सात. अलीकडची मोकळी जागा धरून आठ.

कुठल्याच वाक्यात ते नाव बसेना.
मग शेवटच्या पूर्णविरामानंतर
तसंच ठेवून दिलं, क्रियापदावाचून,
निबंधाखाली त्यांचीच सही असल्यासारखं.
एक अक्षर उरलं. उरू दिलं.

अकरा बावन्नला पंधरा आकडी क्रमांक आला.
खाली दिघेकाका शटर धरून उभे.
“झालं का, सरकार?”
“गेला,” मी म्हणाले.
“मग पुढच्या महिन्यात खुर्ची लागेल ना?”
सहाला रीडिंगला जायचं होतं.
“लागेल,” म्हटलं. “खिडकीचीच.”