इसार

परवडतं का, विचारतोस.
म्हणजे घर विकत न घेताच विकणं.
मी टोलीडोतल्या टायटल कंपनीत आहे, एकोणीस वर्षं.
सही कुठे करायची तिथे पिवळी चिठ्ठी चिकटवते.
मला त्यातला नफा कळत नाही,
माणसं पेन कशी धरतात तेवढं कळतं.

कॉर्डेल ओगल्सबीचं पेन कुठल्यातरी मोटेलचं होतं.
जीपच्या कारखान्यात तो दारं बसवायचा,
पाळी सुटली की लग्रांज रस्त्यावरून गाडी सावकाश हाकत
लोकांचं गवत बघायचा.
गवत गुडघ्याला लागलं की समजायचं,
आत काहीतरी संपत आलंय:
नोकरी, नवरा, नाहीतर खुद्द गुडघे.

हजार पत्रं धाडली त्यानं. छापलेली,
पण हातानं लिहिल्यासारखी दिसणारी.
नऊ फोन आले. त्यातले चार शिव्या द्यायला.
एक म्हातारा पाऊण तास बायकोच्या औषधांबद्दल बोलला
आणि घराचं नावही न काढता त्यानं फोन ठेवला.

गेनोवेफा वाल्चाकनं मात्र त्याला आत बोलावलं,
मोहरी घातलेली काकडी दिली.
साठेखत झालं एकतीस हजारांचं.
इसार दहा डॉलर.
हो, दहा. पावती मीच फाडली.
खरेदीदाराच्या नावापुढे बारीक अक्षरात
‘किंवा त्याने नेमलेली व्यक्ती’.
त्या शब्दांवर कुणी चिठ्ठी चिकटवत नाही,
मीही नाही.

बाजारात तुरी, आणि हा डाळीचा भाव ठरवून मोकळा.
एकवीस दिवसांची मुदत.
अॅरिझोनातला एक जण छपराचा फोटो पाहून गप्प झाला.
दुसरा हो म्हणाला, मग त्याचा फोन लागेना.
एकोणिसाव्या दिवशी फ्रेझ्नोचा एक दंतवैद्य,
साडेबेचाळीस हजार, घर न पाहता.

बाई चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचत होत्या.
असं कुणी वाचत नाही, म्हणून मला उठून जाता आलं नाही.
बोट एका आकड्यावर थांबलं.
“हे साडेअकरा हजार कुणाचे?”
हीटर तेवढा खडखडत होता.
“माझे,” कॉर्डेल म्हणाला. “गिऱ्हाईक शोधल्याचे.”
“घर आम्ही साडेनऊला घेतलं होतं,” त्या म्हणाल्या,
“तीस वर्षांच्या हप्त्यांनी.”
रागावल्या नव्हत्या. बेरीज करून पाहत होत्या,
आणि ती जुळत नव्हती.

तरी सही केली. बहिणीकडे जायचं होतं,
जिने चढवत नव्हते, आणि पाटी लावून
अनोळखी माणसांना घर दाखवत हिंडणं त्यांच्यानं झालं नसतं.
हेही खरं, तेही खरं.
आमची फी तीनशे ऐंशी.
ती दोन्ही खऱ्यांतून कापली जाते.

निघताना पर्समधून एक कागद काढला त्यांनी.
हिवाळ्यात बाहेरून लावायच्या तावदानांची यादी,
कुठल्या खिडकीला कुठलं, स्टॅनच्या अक्षरात.
“सहा नंबर जरा ओढून घ्यावं लागतं,” म्हणाल्या.
“हे कुणाला देऊ?”
टेबलाशी आम्ही तिघं. घर ज्याचं झालं
तो दोन हजार मैलांवर कुणाची तरी दाढ काढत असेल.
कॉर्डेलनं कागद घेतला, चार घड्या घालून
वरच्या खिशात ठेवला.

आता हिशेब मांड.
शिकवणीचे दोन हजार, तिकिटं, पाट्या, पेट्रोल,
चौदा महिन्यांच्या संध्याकाळी.
आणि जमले नाहीत ते चार सौदे,
त्या चार घरांतली माणसं
भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून
तीन-तीन आठवडे बसून राहिली,
मग एकेक कप पुन्हा बाहेर काढला.
तो खर्च कुणाच्या वहीत लिहिशील?

तासाला किती पडले, ते त्यालाच विचार.
दुपारच्या पाळीला असतो अजून.
दारं बसवतो.
यादी गाडीतच आहे म्हणे,
आरशामागे खोचलेली.
नोव्हेंबर लागला, तर सांगत होता,
एकदा त्या रस्त्यानं जाऊन येईन म्हणून.