तीन दिवस गैरहजर

धुळ्याच्या रेकॉर्ड रूममध्ये पंखा होता, वारा नव्हता.
दगडू वाणींनी लाल रुमालाची गाठ सोडली
आणि दीडशे वर्षांची धूळ
माझ्या खाकी बाहीवर येऊन बसली.
जिल्हा तेव्हा एकच होता, खानदेश.
कागद सगळे इथेच पडलेत.

वाणी सत्त्याहत्तरचे. मोडी वाचायचे पानाला पन्नास घेतात.
"पोलिसाला तीस," म्हणाले, आणि धोतराने भिंग पुसलं.

काय शोधतोय, ते मलाच नीट माहीत नव्हतं.
आमच्या घरात एक वाक्य चालत आलंय:
आपला दित्या पलटणीत होता.
वाक्य तिथेच संपतं.
लहानपणी पुढचं विचारलं
की बाप बिडी पेटवायचा.

पलटण म्हणजे भिल्ल पलटण, धरणगावची.
घोड्यावर साहेब, खाली सगळे आमचे.
आणि बंडाच्या दुसऱ्या चैत्रात, सातपुड्याच्या खोऱ्यात,
समोर दगडाआड बसलेले
तेही आमचेच.
एक बोली, एका मोहाची दारू,
सोयरिकीसुद्धा झालेल्या.
फरक काय तो कमरेच्या बक्कलचा.

"दित्या वल्द नुरला. वय अंदाजे बावीस.
उंची पाच फूट दोन. उजव्या भुवईवर व्रण."
माझा हात आपोआप भुवईकडे गेला.
तिथे काही नव्हतं.

काडतुसं दिली वीस.
परत किती आली, तो रकाना
कारकुनाने भरलाच नव्हता.
बरं झालं, असं वाटलं मला,
आणि तसं वाटल्याची लाज वाटली.
पंधरा वर्षं पंचनामे लिहितोय मी.
रकाना आपोआप रिकामा राहत नाही.

दुसऱ्या रुमालात धरलेल्यांची यादी निघाली,
त्याच संध्याकाळी झाडाखाली उभं करून
ज्यांचा निकाल लावला त्यांची.
प्रत्येक नावापुढे फुली.
अकरावा: रुमाल्या वल्द नुरला.
गाव तेच.
वाणींनी भिंग खाली ठेवलं.
"एका गावात नुरला दोन असू शकतात," म्हणाले,
चहा मागवला,
आणि नंतर तीस रुपयेही घेतले नाहीत.

दारापर्यंत जाऊन मी परत फिरलो.
पगाराचं पान पुन्हा उघडायला लावलं.
एप्रिल. दित्या. तीन दिवस गैरहजर, बिनपरवाना.
पगार कापला.
चौथ्या दिवशी सकाळी हजर.
त्यानंतर बावीस वर्षं
एक खाडा नाही.

रविवारी चोपड्याच्या वर, पाड्यावर गेलो.
फुईच्या अंगणात मोहाची फुलं वाळत होती.
बांधावर आमचे दोन दगड आहेत.
शेंदूर दोघांना, थेंब दोघांना.
एकाचं तोंड रस्त्याकडे,
दुसऱ्याचं डोंगराकडे.
कोण कुठला, कुणी सांगितलं नाही,
आणि मीही बूट काढून पाया पडताना
कधी विचारलं नाही.

फुईला यादी सांगितली. फुली सांगितली.
खोऱ्याचं नाव सांगितलं.
तिचे हात फुलांतून काड्या वेचत राहिले.
"तीन दिन?"
एवढंच ऐकलं होतं तिने.
डोंगराकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं.
"खांदावर माणूस ली," म्हणाली,
"रातनाच चालनं, दिनभर लपनं,
तर तीन दिन लागतस."

मी भाकर खाल्ली. कळण्याची, वर ठेचा.
उद्या कलेक्टर कचेरीवर वनहक्काचा मोर्चा,
आणि सकाळी सहापासून माझा बंदोबस्त.
हे मी तिला सांगणार होतो.
कसं सांगायचं ते जुळवत
गाडीला किक मारली, तर मागून तीच ओरडली,
"सोमवारले आम्हीन येतस जळगावले.
पोरंसोरं राहतीन.
पानी ठेवजो."