एकोणिसावी पटाशी

तळाशी धागे उपटलेत.
डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं की लागतं:
दोनच ठिकाणी, समोरासमोर,
जिथे भूर्जाच्या नसा
पात्यावर उभ्याने चालून येतात.

छत्तीस वर्षं मी कुरेसारेत लोकांचे दात कोरले,
आता वाडगे कोरते.
बोटाच्या टोकाची सवय जुनीच;
कीड कुठे आहे
हे आधी त्याला कळतं, मग मला.

आणि मग, अर्थातच, कॅटलॉग.
पान चव्वेचाळीस.
निळ्या मुठीची, खोल पन्हळीची,
पोलाद असं की म्हणे धार मरतच नाही.
एकशे अठ्ठेचाळीस युरो.
मी पान मुडपलेलं नाही.
ते आपणहून तिथेच उघडतं.

हिशेब असा:
यंदा कोट नको, जुन्याचं अस्तर शाबूत आहे.
मांजर म्हातारं झालंय, निम्मंच खातं.
एवढ्यावर थांबते,
कागदावर मांडला तर मलाच हसू येईल.

भिंतीवर अठरा आहेत.
वापरते त्या चार.
बाकीच्या चौदा पाहुण्यांना दाखवायच्या,
आणि पाहुणा म्हणजे एंडेल,
जो पोत्यातून जुनिपरचे ओंडके आणतो,
बर्फाचे बूट दारात न काढता
भिंतीकडे बघत राहतो आणि विचारतो,
‘यातली कापते कुठली?’
त्याच्याकडे एकच आहे.
काकाने ट्रॅक्टरच्या पाट्यातून ठोकलेली,
मुठीला काळी चिकटपट्टी.
त्याचे लोण्याचे चमचे मी हेव्याने विकत घेते.

मी शिकले तेव्हा दवाखान्यात
तीन खुर्च्या, एक स्टोव्ह, पातेल्यात उकळणारी हत्यारं.
साल्मेबाई जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी बसून
दगडावर तेलाचा एक थेंब टाकत
आणि तेच ते वाकडं टोक फिरवत राहत.
म्हणत, बोथट हत्याराने हात जड होतो,
आणि जड हात दुसऱ्याच्या तोंडात…
वाक्य कधी पुरं करत नसत.

हो. अंगण वाकडं, असं मी म्हणतेय, कळतंय मला.
पण थोडंसं वाकडं
आहेच ना?

सोमवारी रात्री बटण दाबलं.
मंगळवारी समुद्र उठला,
मुख्यभूमीची फेरी बंद. बुधवारीही बंद.
गुरुवारी करण्यासारखं काही उरलं नाही
म्हणून जुनीच पटाशी सहाणेवर धरली,
सर्वात आखूड झालेली, जिची मूठ
माझ्या तळव्याने झिजवली आहे.
पहिल्यांदा उतार चुकला. दुसऱ्यांदा घाई केली,
टोक निळं पडलं.
तिसऱ्यांदा ठिणग्या काठावरून
पलीकडे सांडायला लागल्या,
आणि मला त्या खिडकीतला तेलाचा वास आला,
किंवा यावासा वाटला.

मग लेथ सुरू केला.
ओला भूर्ज खांद्यावरून मागे गेला
लांबच लांब, न तुटता,
माझ्या केसांत, चहात, मांजरावर.
तळाशी बोट फिरवलं.
एक फेरा. दुसरा.
बोटाला सांगण्यासारखं काही सापडलं नाही.
इतका वेळ मी ते तिथेच ठेवलं
की वाडगा कोमट झाला.

शनिवारी फोन वाजला:
आपलं पार्सल दुकानाबाहेरच्या कपाटात आहे,
सात दिवसांत न नेल्यास परत जाईल.

मी तयार वाडगा एंडेलला दाखवला.
त्याने उलटा केला, सुलटा केला,
आत बटाटे किती मावतील ते बघितलं.
पार्सलचं मी बोलले नाही.
भिंतीवर मात्र एकोणिसावा खिळा
त्याला दिसला असणार.
कधी ठोकला, ते विचारू नका.

रोज दूध आणायला त्याच दुकानात जाते.
कपाटाची दारं पिवळी आहेत, माझं खालून दुसरं.
वाकावं लागेल, गुडघा दुखेल,
एवढं कारण पाच दिवस पुरलं.
सहाव्या दिवशी पलीकडच्या फुटपाथवरून गेले.

आज सातवा. चारलाच अंधार पडलाय.
सहा आकड्यांचा कोड पाठ आहे,
मुलाचा फोन नंबर मात्र बघावा लागतो.
दूध घरात आहे.
तरी मी बूट घालते.