दुसरा ट्रॅक

फितीला बुरशी धरली होती, पांढरी, मिठासारखी.
दादरच्या पोराने ती भाजली, पुसली, तीन दिवस झटला.
म्हणाला, मॅडम, चित्र गेलं.
आवाज आहे. दोन्ही ट्रॅक.

दोन्ही?
मी विसरलेच होते दोन असतात ते.
पहिल्यावर निवेदन.
दुसऱ्यावर नाबरने गुडघाभर पाण्यात उभं राहून
बांबूला माइक बांधून जे धरलं होतं ते,
आणि मी एडिटिंगच्या टेबलाशी बसून
बोटाने हळूहळू खाली, शून्यावर आणलेलं.

एकतीस फिल्म केल्या मी.
काजूच्या कारखान्यातल्या बायका, विंचवाची लस,
देवगडचं कॅनिंग, दोन धरणं, एक पूल जो पुढे पडला.
अर्धं आयुष्य व्हाउचरांत गेलं :
जीप, डिझेल, अठरा माणसांचं जेवण,
पावती हरवली म्हणून शपथपत्र.
दिग्दर्शनाला मिळायची उरलेली संध्याकाळ.

निवतीची फिल्म सातवी. तेवीस मिनिटं.
पहाटे रापण ओढली त्यांनी, तारली नुसती उसळत होती,
आणि डिमेलोच्या लेन्सवर धुकं.
मी म्हणाले, पुन्हा एकदा घेऊ.
बत्तीस माणसं माझ्याकडे बघत राहिली.
मग त्यांनी मेलेले मासे पुन्हा जाळ्यात भरले,
होडीने आत नेले,
आणि उन्हं चढल्यावर माझ्यासाठी ओढले.
मानपत्रात लिहिलं होतं : अकृत्रिम.

प्रक्षेपण मंगळवारी, साडेनऊला.
निवतीत त्या रात्री लाइट नव्हते.
हे मला काल कळलं.

काल म्हणजे सत्यवती मेथरच्या पडवीत,
एका बाजूला सुकत घातलेले बांगडे,
एका बाजूला मी आणि नातवाचा स्पीकर.
आधी पहिला ट्रॅक लावला, सवयीने.
"अथांग सागराशी झुंजणारा हा निरक्षर दर्यावर्दी..."
"ह्यो कोण?" तिने विचारलं.
पुण्याचे एक गृहस्थ, मी म्हटलं. स्टुडिओत बोलले.
"समुद्र बघलेलो?"
मला सांगता येईना.

मग दुसरा.
वारा. दोर. कुणाचं तरी खोकणं.
हैशाच्या तालात बत्तीस छात्या,
आणि मधेच, माइकच्या अगदी जवळ, एक माणूस :
"ह्या बायेक काय कामधंदो नाय?
मासो काय हिच्या बापाशीचो चाकर,
परत मरान दाखवक?"
आणि सगळे हसले. डिमेलोसुद्धा. नाबरसुद्धा.
मी तेव्हा दहा पावलांवर होते,
घड्याळात ऊन मोजत.

सत्यवतीने पदर तोंडाला लावला.
मला वाटलं, रडते.
खांदे हलत होते तिचे, ती हसत होती,
बावीस वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याच्या शिवीवर,
आणि शिवी मला होती म्हणून जरा जास्तच.

व्हाउचर माझ्याकडे अजून आहे.
वासुदेव मेथर, तांडेल, सहभागाबद्दल पन्नास रुपये.
खाली सही. अंगठा नव्हे, सही,
शाईची, वळणदार, 'मे'ची मात्रा पुरती ताणलेली.
ती कागदाला टाचणी लावून
मी स्वतः निवेदनाच्या संहितेला जोडली होती,
ज्यात चौथ्या ओळीवर 'निरक्षर' लिहिलंय.
ऑडिटमध्ये कुणी काही विचारलं नाही.

"परत लाव," ती म्हणाली.
मी लावलं.
"परत."
पाचव्यांदा नातू कंटाळून उठला, त्याला क्रिकेटला जायचं होतं,
स्पीकर त्याचाच.
तेव्हा ती उठली, बांगडे उलटे करू लागली,
आणि पाठमोरीच म्हणाली,
"आवाज बारीक करू नको हां.
शेजारणीक पण ऐकांदे."