कोनाडा

धारवाडचा माणूस पासवर्ड देत नाही.
"आगल्ल मॅडम," म्हणतो, "रूल आहे."
म्हणजे जिथं सगळ्यांची सॉफ्टवेअरं राहतात
ती जागा मला बंद.

मग माझ्याच होम फोल्डरात
एक खण पाडला. नाव ठेवलं कोनाडा.
पॅकेज मॅनेजरला म्हटलं, आजपासून तुझं मूळ इथं.
तो कुरकुरला, पिवळ्या अक्षरांत:
ही जागा नेहमीची नाही,
बाटलीबंद माल इथं चालणार नाही,
तळापासून गाळून घ्या,
आणि बिघडलं तर आमच्याकडं येऊ नका.

बाटली म्हटल्यावर ईराण्णा हसला.
लॅबच्या किल्ल्या त्याच्याकडं, साडेसहाला कुलूप.
साडेआठ झाले.
"काय करूलालंय ओ हे अजून?"
फोर्ट्रान, म्हटलं. अजून फोर्ट्रानच शिजतंय.
त्यानं स्टूल ओढलं, अर्धा चहा मला दिला.
खिडकी लावली तरी वखारीची तंबाखू
कीबोर्डात उतरतेच.

टेबलावर वह्या. विड्या वळणाऱ्या
दोनशे बारा बायका, नळीत फुंकलेला श्वास,
प्रत्येकीचा तीनदा.
काही आकडे देवनागरी, काही कन्नड.
कन्नड तीन आणि सहा, यांत मी अजून फसते,
ईराण्णा बोट ठेवून सांगतो.

नऊ दहाला झालं एकदाचं.
'आर' लिहून एंटर मारलं:
लायब्ररी सापडली नाही.
अरे आहे की! इथंच आहे, कोनाड्यात.
पण ते जुन्याच पत्त्यावर हाका मारत उभं.
इथं आम्हीही पत्ता दोनदा सांगतो,
एकदा नकाशासाठी,
एकदा माणूस पोचावा म्हणून.
पाथमध्ये एक ओळ घातली:
आधी कोनाडा, मग बाकीचा गाव.

उघडलं.
सरासरी मागितली.
उत्तर आलं: एनए.

एकच रकाना मोकळा होता. मालन कुराडे.
आठवली. नळी तोंडाला लावली की हसायची,
तिन्ही वेळा. शेवटी तोंडाला पदर लावून
उठूनच गेली.
तिला वगळ, असं एका शब्दात सांगता येतं यंत्राला.
कर्सर लुकलुकत होता.

"कुठं राहते ही?"
ईराण्णा किल्ल्या चाचपत म्हणाला,
"घर नंबर वगैरे काय नाही बघा.
गिरणीपासनं आत जावा,
खोकला ऐकू आला की
तिथनं तिसरं दार."